चार हंडे समुद्र

सन १९३८, माघ महिना, बाजाराचा दिवस, सकाळची शाळा सुटल्यावर.

हजर: मी, शहापूरच्या मुलींच्या शाळेची मुख्य शिक्षिका. सरकारी दवाखान्यातले कंपाउंडर. सुकट-बोंबील विकायला माहीमहून येणाऱ्या कोळीणबाई. बादलीत: बोटभर लांबीचे दोन मासे, शंखात राहणारा एक खेकडा, एक काळी गोगलगाय आणि दगडाला चिकटलेले एक समुद्रफूल. गैरहजर: शाळेच्या दुसऱ्या शिक्षिका, त्यांना वास सोसत नव्हता.

ही नोंद माझ्या त्या वर्षीच्या वहीत आहे. मला याद्या करायची सवय आहे. घरचे हसतात, पण अडल्या वेळी माझीच वही शोधतात. त्या दिवशीच्या नोंदीखाली एक ओळ अधोरेखित आहे: "चैत्राच्या उन्हाआधी पाचही जण जिवंत परत." ही ओळ कोळीणबाईंनी माझ्याकडून लिहून घेतली. त्यांना वाचता येत नव्हते, तरी मी लिहीत असताना त्या कमरेवर हात ठेवून वहीवर वाकून उभ्या होत्या.

"काय लिवलंस गो बाय, वाच बघू."

मी वाचले.

"पाच लिवलंस ना? मंग बरं. उसने हायेत. दर्याला सांगून आणलेत मी."

"आणि एखादा मेला तर?"

"मंग तूच ये त्याला सांगायला. मी नाय सांगायची."

मी हो म्हटले. शब्द द्यायला मला वेळ लागत नाही. यादीत एक ओळ वाढते, एवढेच तेव्हा वाटले.

हे सगळे एका धड्यामुळे सुरू झाले. क्रमिक पुस्तकात समुद्रावर धडा होता. आमच्या मुलींनी भातसा नदी पाहिलेली, पावसातले तिचे तांबडे पाणी पाहिलेले, पण समुद्र एकीनेही पाहिलेला नव्हता. मी फळ्यावर भरती-ओहोटीच्या रेघा काढायची आणि त्या डोळे मिटून पाठ करायच्या. खरे सांगायचे तर मीही समुद्र दोनदाच पाहिला होता, आणि दोन्ही वेळा लुगडे भिजेल म्हणून लांब उभी राहिले होते.

माझ्या मुलीच्या खोकल्याचे औषध आणायला दवाखान्यात गेले असताना मी कंपाउंडरांकडे हा विषय काढला. मुंबईत शिकत असताना ते एका प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत समुद्राच्या पाण्याची टाकी सांभाळत असत, हे मला ठाऊक होते.

"शाळेत समुद्र आणता येईल का?"

"येईल," ते बाटलीवर मात्रेची कागदी पट्टी चिकटवत म्हणाले. "पण बाई, आणायला एक दिवस लागतो आणि सांभाळायला रोज."

"रोजचं मी बघते."

"तेच म्हणतो. रोजचं बघणारं माणूस असेल तरच हात घालावा."

सुताराने सागाची चौकट केली, चारी बाजूंना काच बसवली, तळाला फरशी घातली आणि सांध्यांत राळ व मेण भरले. आठ दिवस विहिरीचे पाणी भरून कुठे गळते ते पाहिले. दोन ठिकाणी गळत होते. ते बुजवल्यावर कोळीणबाईंच्या हाती माझ्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्या दिल्या. त्या बाजार आटोपून जाताना बरण्या न्यायच्या आणि पुढच्या बाजाराला खडकावरचे भरतीचे पाणी भरून आणायच्या. टाकीत चार हंडे पाणी मावत होते. तेवढे जमायला, आणि वर दोन बरण्या शिलकीत ठेवायला, पाच बाजार गेले.

टाकी भरल्या दिवशीच मला त्यात मासे हवे होते. कंपाउंडरांनी साफ नाही सांगितले. महिनाभर नुसते पाणी, वाळू आणि समुद्रातलाच एक खडबडीत दगड. वर चिमूटभर जवळा, ती बारीक सुकी कोळंबी.

"दगड बघायला बोलवायचं का मुलींना?" मी विचारले.

"बोलवा. पाणी आधी आंबेल, गढूळ होईल. मग आपसूक निवळेल आणि काचेला हिरवट धरेल. त्याच्या आधी प्राणी सोडलात तर तो स्वतःच्याच घाणीत मरेल. पुस्तकात हे कोणी लिहीत नाही, कारण मेलेला प्राणी फेकून दुसरा आणतात."

पाणी खरोखरच आंबले. दुसऱ्या शिक्षिकांनी त्या दिवसांत आपला वर्ग चिंचेखाली नेला. मग एका सोमवारी पाणी असे निवळले होते की काचेमागची वाळू कणाकणाने दिसत होती.

पाण्यात हवा खेळती राहावी म्हणून पिंडीवर टांगतात तशी गळती टाकीवर टांगायचे ठरले. देवळातली तांब्याची गळती मी गुरवाकडे मागितली. "मासोळीवर अभिषेक करता का बाई?" म्हणून त्याने ती दिली नाही. मी रागावले आणि बुडाला भोक पाडलेले मातीचे मडके टांगले. गुरवाने आपल्यावर केवढे उपकार केले ते मला पुढे कळायचे होते.

पाण्याचा खारटपणा मोजायला कंपाउंडरांनी एक काचेची नळी आणली. नळी पाण्यात सोडली की तरंगायची आणि तिच्यावरची रेघ वाचायची.

"ही कशाची?"

"दवाखान्यातली. रोग्यांची लघवी तपासायची."

मी दोन पावले मागे सरले.

"उकळून आणली आहे, बाई. आणि समुद्राचं माप हिच्यावर नेमकं मिळतं."

त्यांनी लाल दोरा बांधून एक रेघ ठरवून दिली. त्या रेघेवर पाणी राहिले पाहिजे. पहिल्याच आठवड्यात माझ्याकडून चूक झाली. टाकीतले पाणी उन्हाने चार बोटे उतरले, ते मी शिलकीतल्या खाऱ्या पाण्याने भरले. नळी दोऱ्याच्या वर आली. कंपाउंडर म्हणाले, "मिठागरात काय होतं? पाणी उडतं, मीठ मागे राहतं. उडालं ते गोडं पाणी. गोडंच घाला." मी वहीत लिहिले: काचेवर खूण करणे, रोज सकाळी खुणेपर्यंत विहिरीचे पाणी, तेही शिळे.

प्राणी आले तेव्हा आम्ही पाचच घेतले. मी बाराची यादी केली होती. तारामासा, पोवळे, काय काय. कंपाउंडरांनी ती वाचून सात नावांवर काट मारली. तारामासा उपाशी मरतो, पोवळ्याला आपले पाणी मानवणार नाही, मोठा मासा वाढतो आणि टाकी वाढत नाही. जे चार हंड्यांत सुखाने राहतील आणि ज्या खडकावरून आणले त्याच खडकावर परत जातील, तेवढेच. "आणि दुसरीकडचा एकही त्यांच्यात मिसळायचा नाही. मिसळला तर मग कोणालाच परत सोडता येत नाही; एकाचा रोग दुसऱ्या किनाऱ्याला जातो."

मी मासे न खाणाऱ्या घरातली. एक दिवसाआड भिजवलेल्या जवळ्याचा तांदळाएवढा तुकडा बांबूच्या चिमट्यात धरून समुद्रफुलाच्या तोंडाशी न्यायचे काम मीच घेतले. पहिल्या दिवशी तोंडाला पदर लावला होता. फुलाने आपली बोटे मिटून तो तुकडा आत घेतला, तेव्हा पदर कधी खाली आला ते कळले नाही. खेकड्याला मुलींनी "भाडेकरू" नाव ठेवले, कारण तो दुसऱ्याच्या शंखात राहत होता.

भिंतीवर मी नियमांची पाटी लावली. हात घालू नये. काच ठोकू नये. ठरल्याखेरीज खायला देऊ नये. दुपारी ओला पडदा सोडावा. एकंदर नऊ नियम होते आणि सगळे पाळले जात होते.

बाजाराच्या दिवशी मात्र गर्दी होऊ लागली. शाळेत दर्या आणलाय ही बातमी किन्हवलीपर्यंत गेली होती. डोंगराकडची माणसे भाजी, मध, पळसाची पाने विकून झाली की शाळेच्या ओट्याशी येत. मी रांग लावली. दोन-दोन जण आत, पाहून दुसऱ्या दाराने बाहेर. कोणी हात घातला नाही, कोणी काच ठोकली नाही. सगळे टाकीपुढे वाकून नमस्कार करत. मला त्या शिस्तीचा अभिमान वाटे.

त्यात मुरबाडच्या बाजूच्या एका डोंगरगावातल्या आजी होत्या. त्यांचा मुलगा मुंबईच्या गोदीतून बोटीवर कोळसा टाकायच्या कामाला गेला होता आणि वर्षभर त्याचा कागद नव्हता. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा टाकीपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या.

"ह्यो दर्या?"

"दर्याचं पाणी आहे, आजी. खरा फार मोठा असतो."

"तरी म्हन्लं. ह्याच्यात आगबोट कशी मावंल." मग शेजारच्या बाईला, "सरक गो, मला बघू दे. माजा पोऱ्या ह्याच्याच थोरल्या भावावर हाय."

त्यानंतर प्रत्येक बाजाराला त्या येत. समुद्रफूल उघडे असले की म्हणत, "आज बरा हाय तो."

फाल्गुन लागला आणि गोगलगाय काचेवरून गळून पडली. मला वाटले, झोपली असेल. दुसऱ्या दिवशी पाण्याला वास आला. मी तिला काढले. तिसऱ्या दिवशी भाडेकरू आपले घर सोडून उघड्या अंगाने वाळूवर पडला होता. समुद्रफूल मिटून सुपारीएवढे झाले होते. मासे मात्र नेहमीसारखे दगडाभोवती फिरत होते.

मी सकाळच्या प्रार्थनेनंतर मुलींना उभे केले. कोणी जास्त खायला घातले? कोणी हात घातला? एकूणएक मुलीने नाही म्हटले. मी दुसऱ्या शिक्षिकांनाही विचारले की त्यांनी वासासाठी फिनेल तर शिंपडले नाही ना. त्या माझ्याशी आठ दिवस बोलल्या नाहीत, आणि त्यांचे बरोबर होते.

कंपाउंडर संध्याकाळी आले. नळी सोडली, रेघ दोऱ्यावर होती. त्यांनी माझी वही मागून रोजचे पाणी आणि खाणे वाचून काढले. त्यातही काही नव्हते. मग ते टाकीपुढे बाकावर बसून राहिले.

"मासे ठीक आहेत. गोगलगाय, खेकडा, फूल, या तिघांवरच बेतलं. घाणीने आधी मासे गेले असते. हे वेगळं काही आहे. बाई, पाण्यात धातू गेलाय का? तांबं?"

"तांब्याचं भांडं मी वापरलंच नाही. गुरवाने दिलं नाही."

त्यांनी बाही वर केली, हात टाकीत घातला आणि दगडामागची वाळू उकरली. मूठ बाहेर आली तेव्हा तिच्यात पैसे होते. तांब्याचे, कडांना हिरवे पडलेले. पुन्हा हात घातला, पुन्हा आले. अक्षताही निघाल्या. एका पैशाला हळदीचा दोरा गुंडाळलेला होता.

नदीवरून जाताना पाण्यात पैसा टाकतात. आमच्याकडचे प्रत्येक माणूस टाकते. मी स्वतः टाकते. समुद्र तर सगळ्या नद्यांचा धनी. त्याच्यापुढे रित्या हाताने कोण उभे राहील? मी नमस्कार पाहत होते. जोडलेले हात सुटताना काय सुटते ते मी पाहिले नव्हते.

"शेतात मोरचूद कशाला टाकतात?" कंपाउंडर हिरवी कड दाखवत म्हणाले. "कीड मारायला. हा त्याचाच भाऊ. माशाला थोडा सोसतो, बिनहाडाच्या जीवाला सोसत नाही."

"नऊ नियम लिहिले मी."

"दहावा सुचणार कसा? मलाही सुचला नसता. प्रयोगशाळेत कोणी नमस्कार करत नव्हतं."

आम्ही थोडे पाणी काढून शिलकीत उरलेल्या बरण्या ओतल्या. वाळू उपसून टाकली. कोळीणबाईंना निरोप गेला. पुढच्या बाजाराला त्या आणखी दोघींच्या मदतीने ताजे पाणी घेऊन आल्या आणि निम्मे बदलले. भाडेकरू त्याआधीच गेला होता. समुद्रफूल जगते की नाही हे कोणालाच सांगता येत नव्हते. कोळीणबाईंनी काचेला नाक लावून पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि बाजारात जाऊन बसल्या. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मला बरे वाटले असते.

त्याच दिवशी डोंगरगावच्या आजी आल्या. हळदीच्या दोऱ्याचा पैसा मी त्यांच्यापुढे धरला. माझा आवाज जरा चढाच होता.

"हा तुमचा का?"

"माजाच. पोऱ्या सुखाचा येऊ दे म्हून सोडला व्हता. भाईर का काढला?"

मी सांगितले. मेलेल्यांची नावे सांगितली. आजींनी वाकून टाकीत पाहिले.

"म्या मारलं त्यांना?"

तेव्हा माझा आवाज उतरला. "आजी, चूक माझी. पाटीवर लिहायचं राहून गेलं."

"लिवलं असतंस तरी मला कुठं वाचता येतंय." मग त्यांनी विचारले, "पर दर्याला पैशानं इख व्हतं व्हय गो? समदी दुनिया टाकती त्याच्यात."

"मोठ्याला होत नाही. हा एवढासा आहे, याला होतं."

त्यांनी पैसा पदराला पुसला आणि परत माझ्या हातात दिला. "तू जानार हायेस ना ह्यांना सोडाया? मंग थोरल्यात टाक."

मीही तेच म्हणणार होते. वहीत लिहिले.

बारा दिवसांनी समुद्रफुलाने दोन बोटे उघडली. चैत्र पाडव्याआधी ते पहिल्याच्या निम्म्याएवढे फुलले, आणि त्याच आठवड्यात दुपारी पाणी हाताला कोमट लागू लागले. कंपाउंडर म्हणाले, आता नाही थांबायचे. मी पहाटे आसनगावला गाडीत बसले. मांडीवर बादली, बादलीवर ओले फडके. तीन जीव, आणि चोळीच्या खिशात पैसा.

माहीमच्या खडकांवर कोळीणबाई वाट पाहत होत्या. ओहोटी होती. यावेळी लुगडे भिजले तरी मी मागे सरले नाही. त्यांनी दाखवलेल्या डबक्यात आम्ही बादलीतले पाणी थोडे थोडे मिसळले आणि मग मासे सोडले. ते क्षणात दिसेनासे झाले. समुद्रफूल दगडासकट कपारीत ठेवले.

"पाच नेलंस, तीन आणलंस," कोळीणबाई म्हणाल्या.

"हो. दोघं माझ्याकडे मेले. कसे ते सांगते."

"मला काय सांगतेस, त्याला सांग." त्यांनी पाण्याकडे बोट केले. मी खरोखरच सांगितले. मनातल्या मनात, पण सगळे सांगितले. मी उठल्यावर त्या म्हणाल्या, "आमी रोज टोपलीभर मारतो गो बाय. पर खायाला. बघायला मारायचं म्हंजे जिवावर येतं." मग माझा ओला पदर पिळत म्हणाल्या, "तीन तरी आणलंस. लोकं एक पन आणत नाय."

मी खिशातला पैसा काढला आणि आजींची हकीकत सांगितली. त्यांनी माझे मनगट धरले.

"हा दुसरीचा नवस हाय?"

"हो, तिनेच टाकायला सांगितला."

"ज्याचा नवस त्यानंच टाकायचा. तुज्या हातून दर्या घ्यायचा नाय. ठेव तो खिशात आनि म्हातारीला घेऊन ये. मी वाट दावते."

म्हणून तो पैसा पुन्हा शहापूरला आला.

पुढच्या माघात टाकी पुन्हा मांडली. यावेळी दोनच मासे आणि एक गोगलगाय. काचेवर लाकडी झाकण, बाजूला पैसे-फुलांसाठी पितळी ताट, आणि पाटी वाचता न येणाऱ्यांना दारातच तोंडाने सांगायला मी स्वतः. तिन्ही परत गेले. असे तीन हिवाळे चालले. मग काच तडकली आणि लढाईच्या दिवसांत तशी काच मिळाली नाही.

आजींचा मुलगा लढाई संपल्यावर परत आला. आता गोदीतच कामाला आहे. त्याने आईला समुद्र दाखवायला न्यायचे अनेकदा ठरवले, पण आजींचा हट्ट असा की पैसा बाईकडे आहे, बाईबरोबरच जायचे. मधल्या काळात माझी बदली मुरबाडला झाली. त्यांचे गाव इथून जवळ, पण इथे रेल्वे नाही. मोटारीने कल्याण, पुढे गाडी, पुढे पायी. एकदा भाताची आवणी, म्हणजे लावणी होती, एकदा नाचणीची कापणी, एकदा माझ्या शाळेची तपासणी, आणि गेल्या वर्षी आजींचा गुडघा. मागच्या महिन्यात बाजारात भेटल्या.

"दर्या आटायच्या आदी नेशील ना गो?"

"नेते, आजी. दिवाळी होऊ दे."

कोळीणबाईही आता थकल्या आहेत; इथल्या बाजाराला त्यांची सून येते. तिच्याबरोबर मी निरोप दिला आहे की वाट दाखवायला त्यांनी स्वतः यावे.

जुनी वही आज पुन्हा काढली. "पाचही जण जिवंत परत" या ओळीपुढे "तीन" लिहिलेले आहे. तिच्या खाली दुसरी ओळ: "आजींना पैशासह माहीमला नेणे." तिच्यापुढची जागा रिकामी आहे. पैसा माझ्या टेबलावर खडूच्या डबीत आहे, आणि त्याचा हळदीचा दोरा विरत चालला आहे.